रक्त, संगत आणि सेटलमेंट

(टेंभुर्णी, ता. माढा, जि. सोलापूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



एका शिक्षकाच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी जमता. आजचा विषय या व्यासपीठाला शोभणाराच आहे, कारण त्याचं उत्तर ‘सगळं जन्मजात असतं’ असं निघालं तर शिक्षक नावाच्या माणसाचं कामच संपलं म्हणायचं.

विषय असा. काही माणसं दुसऱ्याच्या वेदनेनं जराही हलत नाहीत. सराईतपणे खोटं बोलतात. पकडली गेली तरी ओशाळत नाहीत. ही माणसं जन्मतःच तशी असतात, की परिस्थिती त्यांना तशी करते? मी पेशानं मनोविकारतज्ज्ञ. हा प्रश्न मला दवाखान्यात मुलाची आई विचारते, कोर्टात वकील विचारतात, आणि सोयरीक जुळवताना मुलीचे मामा हळूच बाजूला घेऊन विचारतात, “डॉक्टर, मुलाचा चुलता जेलात होता म्हणे. रक्तातून काही येत नाही ना?”

आपल्या भाषेनं दोन्ही बाजूंच्या म्हणी तयार ठेवल्या आहेत. खाण तशी माती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. ही झाली रक्ताची बाजू. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही झाली संगतीची. दोन्ही आपल्या तोंडात असतात. पण कोणती कधी बाहेर काढायची, हे आपण कसं ठरवतो ते पाहा. दुसऱ्याचं पोर चोर निघालं की ते रक्त असतं. आपलं निघालं की ती संगत असते. श्रीमंताचा मुलगा बिघडतो, गरिबाचा मूळचाच तसा असतो. आज मला जे सांगायचं आहे ते एवढ्यातच आहे: विज्ञानानं या प्रश्नाचं बरंचसं उत्तर दिलेलं आहे, आणि आपण ते नेमकं जिथे लागू पडत नाही तिथे लावतो, जिथे लागू पडतं तिथे विसरतो.

आधी शब्द नीट करून घेऊ

‘सायकोपॅथ’ हा शब्द मोबाइलवरच्या मालिकांनी घरोघरी पोचवला. पण मालिका दोन अगदी वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. मुंबईत १९६०च्या दशकात रात्री फूटपाथवर, झोपडीत निजलेल्या माणसांना मारणारा रामन राघव आपल्याकडच्या जुन्या मंडळींना आठवत असेल. त्याला फाशीची शिक्षा सुनावली गेली होती. पुढे मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळानं त्याला तपासलं. त्याला दीर्घकाळचा स्किझोफ्रेनिया होता, भास आणि संशय यांच्या जगातच तो राहत होता. १९८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्याची फाशी जन्मठेपेत बदलली. हा मनोरुग्ण होता. वास्तवाशी त्याचा संबंध तुटलेला होता.

सायकोपॅथचा तसा तुटलेला नसतो. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ हर्वी क्लेक्ली यांनी १९४१ मध्ये या माणसांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यांना नेमकं हेच खटकलं होतं: बोलणं गोड, बुद्धी शाबूत, भ्रम नाही, भास नाही, आणि आत माया, भीती, लाज यांचा पत्ता नाही. पुढे कॅनडाच्या रॉबर्ट हेअर यांनी वीस लक्षणांची यादी केली. प्रत्येक लक्षणाला शून्य, एक किंवा दोन गुण, एकूण चाळीस. तीस किंवा त्याहून जास्त गुण पडले तर संशोधनात त्या माणसाला सायकोपॅथ धरतात. ही तपासणी प्रशिक्षित माणसानं करायची असते. सासूनं सुनेची किंवा सुनेनं सासूची करायची नसते.

‘सोशिओपॅथ’ हा शब्द काही अभ्यासकांनी वेगळा काढला. डेव्हिड लिकेन यांचं म्हणणं असं की जन्मजात थंड स्वभावातून घडतो तो सायकोपॅथ, आणि स्वभाव साधारण असूनही हेळसांड, मारहाण, बेवारशीपणा यांतून घडतो तो सोशिओपॅथ. कल्पना उपयोगी आहे, पण डॉक्टरच्या कागदावर हे दोन्ही शब्द निदान म्हणून येत नाहीत. तिथे येतं ‘समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकृती’, आणि तेही अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत लिहायचं नाही असा दंडक आहे. हा दंडक का, ते पुढे येईल.

आईनं दिलं ते नक्की काय?

या प्रश्नाला महाराष्ट्रातलं सर्वांत भयंकर उदाहरण कोल्हापूरचं. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित. १९९० ते १९९६ या काळात या तिघींनी गर्दीच्या ठिकाणांहून लहान मुलं पळवली. मूल कडेवर असलं की खिसा कापताना कुणी संशय घेत नाही, आणि पकडलंच तर मुलाला आपटून लोकांचं लक्ष दुसरीकडे वळवता येतं. मूल निरुपयोगी झालं, रडायला लागलं की त्याला मारून टाकायचं. १९९६ च्या अखेरीस तिघी पकडल्या गेल्या. अंजनाबाई पुढच्याच वर्षी तुरुंगात मेली. २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं बहिणींना फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, आणि दयेच्या अर्जावर सरकारनं केलेल्या दिरंगाईमुळे जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेत बदलली.

मी या बायकांना तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांचं निदान करणार नाही. पण त्या वेळी पानाच्या टपरीवर आणि वर्तमानपत्रांत जे बोललं गेलं ते पाहू. अर्धे लोक म्हणाले, “आई तशी, मुली तशा. रक्तच तसलं.” उरलेले म्हणाले, “आईनंच शिकवलं. लहानपणापासून चोरीच बघितली.” दोघंही एकच पुरावा पुढे करत होते. आणि तिथेच खरी अडचण आहे. पोटच्या मुलीला आई रक्तही देते आणि घरही देते. दोन्ही एकाच हातानं दिल्यावर कशाचा वाटा किती, हे त्या घराकडे पाहून कुणालाही सांगता येणार नाही. त्या टोळीतला चौथा माणूस, किरण शिंदे, रेणुकाचा नवरा. तो पुढे माफीचा साक्षीदार झाला. अंजनाबाईशी त्याचं रक्ताचं नातं नव्हतं. मग त्याचं काय? संगत म्हणावी, तर अशा संगतीपासून पळून जाणारेही असतातच.

तेव्हा एका घराच्या गोष्टीवरून उत्तर मिळत नाही. त्यासाठी रक्त एका ठिकाणचं आणि घर दुसऱ्या ठिकाणचं, अशी मुलं हजारोंनी पाहावी लागतात.

दत्तक आणि जुळी

अशी मोजणी डेन्मार्कमध्ये झाली. तिथे दत्तकाच्या आणि न्यायालयाच्या नोंदी व्यवस्थित ठेवलेल्या असतात. सार्नॉफ मेडनिक आणि सहकाऱ्यांनी १९२४ ते १९४७ या काळातली १४,४२७ दत्तकं तपासली आणि १९८४ मध्ये निष्कर्ष छापले. जन्मदाते आणि दत्तक घेणारे, दोघांनाही कधी शिक्षा झाली नव्हती, अशा घरांतल्या मुलग्यांपैकी साडेतेरा टक्के पुढे गुन्ह्यात दोषी ठरले. फक्त दत्तक आईवडील गुन्हेगार असतील तर पावणेपंधरा टक्क्यांच्या आसपास. फक्त जन्मदाते गुन्हेगार असतील तर वीस टक्के. दोन्हीकडे गुन्हेगारी असेल तर साडेचोवीस.

हे आकडे दोनदा वाचायचे. पहिल्या वाचनात रक्ताची बाजू जिंकते: ज्या बापाला मुलानं पाहिलंही नाही, त्याची सावली मुलावर पडते. साडेतेराचे वीस होतात. दुसऱ्या वाचनात कळतं की गुन्हेगार बापाच्या पोटी जन्मलेल्या शंभरातले ऐंशी मुलगे कधीही दोषी ठरले नाहीत. आणखी एक बारकावा: हा संबंध चोरी, फसवणूक अशा मालमत्तेच्या गुन्ह्यांत दिसला, मारहाण-खुनाच्या गुन्ह्यांत दिसला नाही.

आता जुळ्यांकडे येऊ. एकबीज जुळ्यांची जनुकं सारखी, द्विबीज जुळ्यांची साधारण निम्मी. लंडनच्या एसी व्हिडिंग यांनी इंग्लंड-वेल्समधल्या सात वर्षांच्या जुळ्यांचा अभ्यास करून २००५ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. त्रास देणारी मुलं दोन प्रकारची असतात. काही चिडकी, भांडखोर असतात, पण मागून रडतात, माफी मागतात. काही मात्र थंड असतात. दुसरं मूल कळवळलं तरी त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. थंड मुलांच्या वागण्यातल्या फरकात जनुकांचा वाटा ८१ टक्के निघाला. चिडक्या मुलांत तो अवघा ३० टक्के होता.

म्हणजे कायदा मोडणं वारशानं येत नाही. वारशानं येऊ शकतो तो थंडपणा: भीती कमी वाटणं, शिक्षेनं धडा न घेणं, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचं दुःख आपल्यापर्यंत न पोचणं. हा स्वभाव घेऊन जन्मलेलं मूल पुढे खुनी होऊ शकतं, निष्णात शल्यविशारद होऊ शकतं, सीमेवरचा जवान होऊ शकतं, किंवा चारचौघांसारखं संसारी होऊ शकतं. त्यातलं काय होईल, हे बाकीच्या आयुष्यावर ठरतं. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा आजवर पाठपुरावा चालू आहे. त्यातल्या मुलग्यांमध्ये एका विशिष्ट जनुकाचं मंद रूप आणि बालपणीचा छळ, या दोन्ही गोष्टी एकत्र आलेले फक्त १२ टक्के होते, पण त्या पिढीतल्या हिंसक गुन्ह्यांच्या शिक्षांपैकी ४४ टक्के शिक्षा त्यांच्या नावावर होत्या. नुसतं जनुक असून छळ न झालेली मुलं इतरांसारखीच निघाली. पुढे काही अभ्यासांत हा निष्कर्ष पुन्हा मिळाला, काहींत मिळाला नाही. पण एकच एक ‘गुन्ह्याचं जनुक’ असतं, ही कल्पना यातून टिकत नाही.

दोन रानांतला ऊस

हे टक्के ऐकले की माणसं एक मोठी उडी मारतात. “म्हणजे अमुक समाजात गुन्हेगारी जास्त आहे ती त्यांच्या रक्तामुळेच ना?” ही उडी का चुकीची, ते टेंभुर्णीकरांना मी उसावरून सांगतो, कुठल्याही विद्यापीठापेक्षा ते इथं लवकर समजेल.

एकाच रानात, एकाच पाण्यावर, एकाच खतावर तुम्ही चार वाणांची बेणं लावली. तोडणीला वजन वेगवेगळं भरलं. हा फरक सगळा वाणाचा, बरोबर? आता दुसरं चित्र घ्या. ८६०३२ हे एकच वाण, एकाच मळ्यातलं बेणं, दोन रानांत लावलं. एक रान उजनीच्या कालव्याखालचं, दुसरं पार टेलला, जिथं पाणी पोचतच नाही. वजनात दुपटीचा फरक पडला. यात वाणाचा वाटा किती? शून्य. एका रानातला फरक वाणाचा होता म्हणून दोन रानांमधला फरकही वाणाचाच, असं कुणी शेतकरी म्हणणार नाही. जुळ्यांचे आणि दत्तकांचे अभ्यास एका रानातले आहेत. एका समाजातल्या दोन मुलांमध्ये फरक का, एवढंच ते सांगतात. दोन समाजांमधल्या फरकाबद्दल ते एक अक्षरही बोलत नाहीत.

पण आपल्या जिल्ह्यात ही उडी नुसती मारली गेली नाही, तिचा कायदा झाला.

सोलापूरची सेटलमेंट

१८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. तो मांडताना युक्तिवाद असा होता: या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तेव्हा पिढीजात चोरही असणारच. लक्षात घ्या, ‘जन्मजात गुन्हेगार’ या कल्पनेचा जगप्रसिद्ध पुरस्कर्ता, इटलीचा डॉक्टर लोंब्रोझो, त्याचं पुस्तक १८७६ चं. म्हणजे युरोपातल्या सिद्धान्ताच्या पाच वर्षं आधी आपल्याकडे अंमलबजावणी सुरू झाली होती. त्या सिद्धान्ताचं पुढं काय झालं? इंग्लंडच्या तुरुंगातले डॉक्टर चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे तीन हजार कैद्यांची मापं घेतली आणि १९१३ मध्ये दाखवून दिलं की लोंब्रोझोनं सांगितलेली गुन्हेगाराची शरीरचिन्हं प्रत्यक्षात सापडत नाहीत. सिद्धान्त तिकडे पडला. कायदा इकडे वाढतच गेला. १९११ च्या नव्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला, १९२४ मध्ये आणखी पक्का झाला.

त्याआधी, १९०८ मध्ये, मुंबई इलाख्याच्या पोलीस खात्यातले मायकेल केनेडी यांनी गुन्हेगार वर्गांवर जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. कोण कसे कपडे घालतं, कुठे उतरतं, कोणती भाषा बोलतं, चोरी कशी करतं, सगळं जमातवार. एखाद्या पाखराच्या जातीचं वर्णन करावं तसं माणसांचं वर्णन. पोलिसाच्या हातात ते पुस्तक असलं की समोरच्या माणसानं काय केलं हे विचारायची गरजच उरत नाही. तो कोण, एवढं पुरतं.

सोलापूर शहराबाहेर तारेच्या कुंपणाआड वसाहत झाली. उमेदपूर हे तिचं नाव, लोकांच्या तोंडी नुसती ‘सेटलमेंट’. कैकाडी, पारधी, भामटे, मांग-गारुडी, कंजारभाट अशा अनेक जमातींची कुटुंबं तिथे आणून ठेवली. काही काळ कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे होता. सोलापूरच्या कापड गिरण्यांना मजूर हवे होते, ते इथून मिळत. ठरल्या वेळी हजेरी. बाहेर पडायचं तर पास. हजेरी चुकली की तोच गुन्हा. जन्मलेल्या मुलानं अजून काहीच केलेलं नसायचं, पण कुंपण त्याच्याही भोवती असायचं. आजही सोलापुरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव रिक्षावाल्याला सांगितलं की तो नेऊन सोडतो.

या कायद्याच्या पोटातच त्याचं खंडन होतं. १८९७ च्या दुरुस्तीनं सरकारला अधिकार दिला की या जमातींची चार ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहात ठेवावीत. का? तर आईबापांच्या सहवासात ती बिघडू नयेत म्हणून. आता मला सांगा, गुन्हा रक्तात असेल तर मूल आईपासून तोडून उपयोग काय? आणि तो सहवासातून येत असेल, तर जन्मलेल्या प्रत्येक मुलाला गुन्हेगार ठरवायचं कारण काय? सरकारचा दोन्ही म्हणींवर सारखाच विश्वास होता. अडवायचं तेव्हा खाण तशी माती, तोडायचं तेव्हा ढवळ्या-पवळ्या.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये या कायद्याचा विचार करण्यासाठी अय्यंगार समिती नेमली गेली आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून रद्द झाला. म्हणून त्या जमाती ‘विमुक्त’. पण कायद्यानं निर्माण केलेली गोष्ट कायदा गेल्यावरही राहिली. ज्याला कुणी कामावर ठेवत नाही, भाड्यानं जागा देत नाही, चोरी झाली की ज्याच्या पालावर पहिला छापा पडतो, त्यानं जगायचं कसं? लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये आलं आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्यांनी वाचलं असेल त्यांना ठाऊक आहे, चोरी तिथे कशी शिकवली जाते, मार सहन करण्याची सवय पोराला कशी लावली जाते. शिकवली जाते, म्हणजे ती उपजत नसते. ज्या घरात ती शिकवली गेली त्याच घरातून देशातला मोठा लेखक निघाला, आणि त्यासाठी त्याचं रक्त बदलावं लागलं नाही. त्याच्या बापानं त्याला शाळेत घातलं होतं.

तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीला १९९३ पासून पारधी आणि इतर भटक्या-विमुक्तांच्या मुलांची निवासी शाळा चालते. इथून ती काही फार लांब नाही. ज्यांना रक्ताचा पुरावा हवा असेल त्यांनी तिथे जाऊन मुलांच्या वह्या पाहाव्यात.

आणि हा इतिहास झाला असंही समजू नका. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल दिला. कैद्याची जात पाहून त्याला तुरुंगात काम वाटून देणं न्यायालयानं घटनाबाह्य ठरवलं, आणि विमुक्त जमातीतला माणूस म्हणून त्याला सराईत गुन्हेगार समजण्याच्या तुरुंग नियमावल्यांतल्या प्रथेवरही बोट ठेवलं. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षं झाली होती.

आता याच्या शेजारी पुण्याचं एक प्रकरण ठेवतो. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर खून खटला म्हणून ते प्रकरण ओळखलं जातं. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा, कला शिकणारी ही कॉलेजातली मुलं. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी चौघांना येरवड्यात फाशी झाली. त्या काळात पुण्यात अंधार पडला की लोक दारं लावून बसत. चर्चा कशाची झाली? व्यसनांची, सिनेमांची, कॉलेजातल्या वातावरणाची, वाया गेलेल्या पिढीची. म्हणजे संगतीची. या चौघांच्या जातभाईंना कुणी हजेरीला बोलावलं नाही, त्यांच्या आळीला कुंपण घातलं नाही. ते योग्यच झालं. माझं म्हणणं एवढंच की हाच न्याय सेटलमेंटमधल्या मुलाला का नव्हता?

दवाखान्यात

म्हणजे समाजाबद्दल रक्ताची भाषा बोलायला आधार नाही. मग ती लागू पडते कुठे? एकेका मुलाच्या बाबतीत. आणि तिथे आपण ती नेमकी विसरतो आणि पट्टा काढतो.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगतो. नऊ-दहा वर्षांचा मुलगा. वर्गातल्या मुलाचं बोट दाराच्या फटीत धरून यानं दार लावलं. हेडमास्तरांनी वडिलांना बोलावून घेतलं. वडिलांनी घरी आणून कातडी पट्ट्यानं फोडला. आई मला सांगत होती, “डॉक्टर, मार खाताना डोळ्यातनं टिपूस न्हाई काढलं. मारून ह्यांचा हात दुखला, तवा उठला आन् म्हनला, आई वाढ जेवायला.” कोपऱ्यात बसलेली आजी म्हणाली, “आज्ज्यावर गेलंय, दुसरं काय.” मी मुलाला विचारलं, त्या पोराला काय झालं असेल रे? म्हणाला, “दुखलं आसंल.” आणि तुला काय वाटलं? “काय न्हाय.” खोटं बोलत नव्हता. माझ्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत होता.

आजीचं म्हणणं कदाचित खरं असेल. त्याचा थंडपणा आजोबांकडूनही आला असेल. पण तसं असेल तर वडिलांचा पट्टा आणखीच निरुपयोगी ठरतो. बहुतेक मुलांना आपण भीतीनं वळण लावतो: बाबा येऊ देत, मग बघ. ज्याला भीतीच कमी वाटते त्याच्यावर हा उपाय चालत नाही. मार वाढवला की तो एकच गोष्ट शिकतो: ज्याचा हात मोठा त्याचं खरं. ड्युनेडिनचा आकडा आठवा. कमकुवत बाजू घेऊन जन्मलेल्या मुलाला मार देणं म्हणजे ज्याची भीती वाटते तेच आपल्या हातानं घडवणं.

मग काय चालतं? अमेरिकेतल्या आयोवामध्ये ग्राझिना कोहान्स्का यांनी लहान मुलांमध्ये विवेक कसा रुजतो ते पाहिलं. भित्र्या मुलांना सौम्य शिस्त पुरली. निडर मुलांना शिस्तीचा फारसा फरक पडला नाही, सौम्य काय नि कडक काय. त्यांच्यात विवेक रुजला तो आईशी असलेल्या जवळिकीतून. म्हणजे आई रागावेल या भीतीपेक्षा आईला वाईट वाटेल याची त्याला पर्वा वाटू लागली तेव्हा. आणि २०१६ मध्ये ल्यूक हाइड यांच्या गटानं ५६१ दत्तक कुटुंबांचा अभ्यास छापला. जन्मदात्या आईमध्ये समाजविरोधी वर्तन जास्त असेल, तर मुलात दोन-सव्वादोन वर्षांच्या वयातच थंडपणा अधिक दिसतो. म्हणजे वारसा आहे. पण ज्या दत्तक आया मुलाच्या चांगल्या वागण्याला भरभरून दाद देत होत्या, त्यांच्या घरी या वारशाचा परिणाम पुसट झाला. आजीनं सांगितलेलं रक्त आणि आईची शाबासकी, दोन्ही एकाच अभ्यासात खरी ठरली.

म्हणून मी त्या आईला जे सांगितलं ते इथल्या सगळ्यांना सांगतो. मार पूर्ण बंद. चुकीची शिक्षा छोटी, ठरलेली, आवाज न चढवता: आज खेळायला जायचं नाही, संपलं. चांगलं वागला की दाद लगेच, संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही. दिवसातून थोडा वेळ फक्त त्याच्यासोबत, उपदेश न करता. दुसऱ्याचं दुःख त्याला आपोआप दिसत नाही, तर दाखवायचं: हे बघ त्याचं बोट, बघ तो पेन कसा धरतोय. ज्याला वाचता येत नाही त्याला आपण अक्षर बोट ठेवून दाखवतो ना? आणि घरात कुणीही, रागाच्या भरातसुद्धा, ‘आज्ज्यावर गेलंय’ म्हणायचं नाही. ‘समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकृती’ हे निदान अठराच्या आत लिहू नये या दंडकामागे हेही एक कारण आहे. मूल ऐकत असतं, आणि ठरवून टाकलेलं मूल तसं वागून दाखवतं. सेटलमेंटनं हेच हजारोंच्या बाबतीत केलं. आजी ते एकाच्या बाबतीत करत होती.

यानं प्रत्येक मूल सुधारेल असं आश्वासन मी देत नाही. काही मुलांच्या बाबतीत आम्हां सगळ्यांचे प्रयत्न अपुरे पडतात. पण लवकर सुरुवात केली तर फरक पडतो, आणि विस्कॉन्सिनमधल्या मेंडोटा केंद्रानं हे अत्यंत हिंसक किशोरांच्या बाबतीतही दाखवलं आहे. १९९५ पासून तिथे शिक्षा वाढवत नेण्याऐवजी चांगल्या वागण्याचा मोबदला रोजच्या रोज देत जातात. तिथून बाहेर पडलेल्यांमध्ये हिंसक गुन्हे नेहमीच्या सुधारगृहातल्या मुलांच्या तुलनेत निम्म्यावर आले.

मग शिक्षा कुणाला?

एक प्रश्न सभेत येणारच, तेव्हा आधीच घेतो. स्वभाव वारशानं येत असेल तर गुन्हेगाराला शिक्षा कशाला? त्याचा काय दोष? माझं उत्तर साधं आहे. थंड स्वभावाच्या माणसाला हे चूक आहे हे माहीत असतं. तो लपवतो, पुरावे नष्ट करतो, साक्षीदाराला दम देतो. ज्याला लपवावंसं वाटतं त्याला चूक कळते. रामन राघव आणि बाकीचे यांच्यात कायदा फरक करतो तो इथे, आणि तो योग्य आहे. तेव्हा आजोबांकडून काय आलं ही त्या माणसाची सबब होऊ शकत नाही. पण तोच नियम उलटाही चालवावा लागेल: आजोबांनी काय केलं हा नातवावरचा आरोपही होऊ शकत नाही.

हे मान्य असेल तर गावात तीन ठिकाणी काहीतरी बदललं पाहिजे. चोरी झाली की पोलीस पाटलापासून सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव पालाचं येतं. ते नाव कशावरून घेतलं, एवढा एक प्रश्न तिथल्या तिथे विचारायला हवा. शाळेच्या दाखल्यावर जात पाहून मूल मागच्या बाकावर बसतं का, हे पालक सभेत विचारायला हवं. आणि सोयरीक जुळवताना मुलाचा चुलता जेलात होता का, हे विचारण्याआधी मुलगा आपल्या आईशी, बहिणीशी, दारातल्या कुत्र्याशी कसा वागतो, हे दोन दिवस राहून बघायला हवं. स्वभावाचा पुरावा हवाच असेल तर तो तिथे मिळतो, आणि त्यासाठी माझ्यासारख्या डॉक्टरची गरज पडत नाही.

माझं बोलणं इथे संपतं. संयोजकांनी प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवला आहे. माझी एकच विनंती आहे: प्रश्न विचारताना गावातल्या कुठल्याही मुलाचं नाव घेऊ नका. ते मूल, किंवा त्याची आई, याच मंडपात बसलेली असू शकते.